तो ज्येष्ठ नागरिक मीच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतला आमच्या सावंतवाडीवरचा लेख वाचला. घरातून सल्ला मिळाला की आज लिहू नका, राग उतरू दे. रात्र गेली, राग काही उतरला नाही, म्हणून लिहितो आहे.

फोटो सुरेख आहेत. मोती तलावात उतरलेलं राजवाड्याकडचं ऊन छान टिपलंय, छायाचित्रकाराचं अभिनंदन. मजकुराबद्दल मात्र तसं म्हणता येत नाही. त्यात 'संथ' हा शब्द मी नऊ वेळा मोजला. दहावा शेवटच्या चौकटीत असेल, पण ती चौकट आमच्याकडे आलेल्या अंकात घडीवर फाटली होती.

तिसऱ्या परिच्छेदात 'एक ज्येष्ठ नागरिक' म्हणतात, "तळ्याकाठी बसलं की मन शांत होतं, जगाचा विसर पडतो." संपादक महाशय, तो ज्येष्ठ नागरिक मीच. आपले लेखक कठड्यावर माझ्या शेजारी अर्धा तास बसले होते आणि चहाचे पैसे मी दिले. त्या अर्ध्या तासात या वाक्यातला एक शब्दही माझ्या तोंडून निघालेला नाही. जगाचा विसर पडावा म्हणून मी तळ्यावर जात नाही. कुणाचा मुलगा गोव्यात कामाला लागला, मंगळवारच्या बाजारात बांगडा किती कडाडला, कोण कोणाशी बोलत नाही, हे कळावं म्हणून जातो. विसरच पाडायचा तर घरी पंख्याखाली आडवा होईन.

इथं राहण्यात कसली मजा, असं त्यांनी विचारलं होतं. मी त्यांना मगरीची गोष्ट सांगितली. ती त्यांनी वहीत उतरवून घेतली, हे मी डोळ्यांनी पाहिलं. लेखात ती कुठं गेली?

चार पावसाळ्यांमागची गोष्ट. श्रावणातली दुपार, पाऊस नुकता उघडलेला. कॉलेजच्या पोरांपैकी कुणीतरी कठड्यावरून ओरडलं, "मगर!" दहा मिनिटांत सगळा कठडा भरला. बायका माशांच्या पिशव्यांसकट आल्या. एका रिक्षावाल्यानं रिक्षा रस्त्यातच उभी केली, आत गिऱ्हाईक होतं. मग गिऱ्हाईकही उतरलं.

"खंय रे?"

"थंय बघ, शेवाळाच्या उजव्या बाजूक."

"अरे, ता चुडत आसा नारळाचा."

"चुडत तोंड उघडता काय?"

झाले दोन पक्ष, मगरवाले आणि चुडतवाले, म्हणजे झावळीवाले. मी चुडताच्या बाजूनं. मगरवाल्यांच्या पुढं होता आमचा शेजारी. कुंपणाच्या वईवरून आमचा सहा वर्षांचा अबोला. तो माझ्या अंगावर ओरडला, "डोळे तपासून घी!" मी ओरडलो, "तू आधी डोक्या तपास!" सहा वर्षांतलं हे आमचं पहिलं बोलणं. अंधार पडेपर्यंत कुणी जागचं हललं नाही. वारा आला की ते जे काय होतं ते जरा सरकायचं, आणि दोन्ही पक्ष एकदमच "बघ, बघ!" म्हणायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी चुडत काठाला लागलं होतं. शेजाऱ्याचं म्हणणं आजही हेच, की चुडत वर होतं आणि मगर खाली. आता संध्याकाळची फेरी आम्ही दोघं मिळून मारतो. वई होती तिथंच आहे.

तर ही मजा. तळं १८७४ सालचं. दीडशे वर्षं लोक त्याच्या काठावर गप्प बसून राहिले असतील, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा विसर्जनाच्या रात्री इथं यावं, नाहीतर नारळी पौर्णिमेला. बाकी सोय म्हणाल तर आहेच. राजवाडा, कॉलेज, बाजार, चितारआळी, सगळं पायाखालचं. मासळी आणायला निघालेला माणूस तासाभरानं परततो, कारण वाटेत सात जणांनी "खंय चललंस?" म्हणून थांबवलेलं असतं. याला आपले लेखक 'संथ' म्हणतात. मी याला कामाचा खोळंबा म्हणतो, पण तो आम्हांला आवडतो.

आणखी एक गोष्ट मी त्यांना सांगितली होती, तीही गळली. एवढं सगळं आवडूनही आमची पोरं रोज सकाळी बाइकवरून गोव्याला कामाला जातात, आणि पेशंट जरा गंभीर झाला की त्याला घेऊन गोव्यातलं बांबोळीचं सरकारी हॉस्पिटल गाठावं लागतं. रात्री दोन वाजता ॲम्ब्युलन्समध्ये बसून मी ती वाट केली आहे. तेव्हा तळ्यावरूनच गेलो, पण प्रतिबिंब बघायचं सुचलं नाही. निदान ते तरी छापायला हवं होतं.

शिवाय गंजिफा हा 'बुद्धिबळासारखा खेळ' नव्हे. ते पत्ते आहेत, गोल. दशावतारी गंजिफात दहा अवतारांचे प्रत्येकी बारा, असे १२०. राजवाड्यात जाऊन आलेल्या माणसानं एवढं तरी मोजून यायचं होतं. 'संथ' मी मोजलेच ना!

जाता जाता एक. पुरवणीतल्या शब्दकोड्याची चौकट आपण इतकी बारीक केली आहे की बॉलपेननं 'क्ष' लिहिला तर शेजारची दोन घरं जातात. काल माझं आडवं चौदा याच कारणानं चुकलं. आमच्या कठड्यावर या विषयावर एकमत आहे, मगरवाल्यांसकट.

मागच्या खेपेस आपण माझं पत्र निम्मं कापलं होतं. याही वेळी जागा कमी पडली तर खुशाल कापा, फक्त शब्दकोड्याचा भाग ठेवा.

आपला,
(आपल्याच लेखातला) एक ज्येष्ठ नागरिक,
सावंतवाडी