समजूत होण्याजोगे

भुसावळ,
८ फेब्रुवारी २०२६

प्रिय आई आणि बाबा यांस,

प्रभू येशूच्या नावात सप्रेम सलाम.

आपले फोनवर रोज बोलणे होत असताना मी पत्र का लिहिते आहे, याचे तुम्हांला नवल वाटेल. खरे सांगायचे तर फोनवर मी बोलते आणि तुम्ही ऐकता, असे गेल्या काही वर्षांत होऊन बसले आहे. आईच्या गोळ्या संपल्या का, सिलिंडर नोंदवला का, बाबांनी उन्हात टोपी घातली का, एवढे विचारून आणि सांगून झाले की माझे बोलणे संपते. पत्रात निदान लिहिलेले वाक्य पाठवण्याआधी स्वतःला एकदा वाचावे लागते.

नाताळच्या दुसऱ्या दिवशी दुपारी जेवताना मी जे बोलले, त्याविषयी हे पत्र आहे. आई त्याआधी तीन आठवडे न्हाणीघरात घसरली होती आणि तिच्या मनगटाची सूज अजून पुरती उतरली नव्हती. मी वहीचा कागद काढला आणि एकेक मुद्दा वाचून दाखवला. नवापूरचे घर विकायचे, मार्चअखेर भुसावळला यायचे, दोनपैकी कोणते कपाट आणायचे, कोंबड्या कोणाला द्यायच्या. मी कोंबड्यांपर्यंत पोहोचले तेव्हा बाबा ताटावरून उठून परसात गेले आणि आई म्हणाली, "भात गार होतोय." परतताना गाडीत मी तुमच्या जावयांना म्हणाले की माझा एकही मुद्दा चुकीचा नव्हता. त्यांनी खिडकीबाहेर पाहत नुसते "हं" म्हटले. त्या "हं"चा अर्थ मला महिनाभराने कळला, आणि तोही घरात नव्हे, चर्चच्या मंडळीत.

जानेवारीत आमच्या मंडळीत कापणीचा सण झाला. उपासनेनंतर अर्पणाच्या वस्तूंचा नेहमीप्रमाणे लिलाव झाला. ज्वारीची पोती होती, भरताची वांगी होती, रावेरकडून आलेले केळीचे घड होते, आणि एक कोंबडा होता, जो घेणाऱ्याने दर वेळी परत अर्पण केल्यामुळे तीनदा विकला गेला. पुढच्या आठवड्यात हिशेब तपासायला मी बसले. पावत्यांची बेरीज ४५,३०० रुपये येत होती आणि खजिनदारकाकांच्या वहीत ४३,५०० लिहिले होते. फरक १,८०० रुपयांचा. गणित शिकवणाऱ्या माणसाला असा फरक दिसला की तो आधी नवाने भागून पाहतो, कारण शेजारचे दोन आकडे उलटे लिहिले गेले असतील तर फरकाला नवाने नि:शेष भाग जातो. येथे तो गेला. पैसा पेटीत पूर्ण होता, चूक लिहिण्याची होती. एवढेच सांगून मी थांबायला हवे होते. मी मात्र पंचांच्या बैठकीत सर्वांसमोर नवाचा नियम समजावून सांगितला आणि वर म्हणाले की हे पाचवीच्या मुलालाही कळते. दोघे-तिघे हसले. रेल्वेतून निवृत्त झालेल्या त्या वृद्ध गृहस्थांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला आणि पुन्हा घातला, पण वहीकडे पाहिले नाही.

त्यानंतरचे दोन रविवार ते उपासनेला आले नाहीत. तिसऱ्या आठवड्यात मी त्यांच्या घरी गेले, आणि हेही मोठ्या मनाने गेले असे समजू नका. पाळकसाहेबांनी पाठवले म्हणून गेले. काकांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. घरच्यांनाही त्यांनी ते पुरते सांगितलेले नव्हते, कारण पत्नी गेल्यापासून त्यांच्याकडे स्वतःचे म्हणावे असे एवढेच काम उरले होते आणि डोळ्यांचे कारण सांगितले तर वही काढून घेतील अशी त्यांना धास्ती होती. मी ज्याला निष्काळजीपणा म्हणत होते, ती प्रत्यक्षात भिंग घेऊन रात्री दोन-दोन तास केलेली मेहनत होती.

घरी आल्यावर मी बायबलमधल्या याकोबाच्या पत्राचा तिसरा अध्याय काढला. आई, तो तू आम्हांला संडे स्कूलमध्ये पाठ करून घेतला होतास, पण निम्माच. घोड्याच्या तोंडातला लगाम, तारवाचे लहानसे सुकाणू, रान पेटवणारी ठिणगी, हे सगळे जिभेचे दाखले आम्हांला आवडत आणि त्यांची चित्रे तू फलालीनच्या फळ्यावर लावत असस. तेराव्या वचनापासून पुढचा भाग बहुधा मोठ्यांचा म्हणून राहून गेला. तेथे याकोब विचारतो की तुमच्यात ज्ञानी कोण आहे, आणि त्याने ते बोलून दाखवावे असे न म्हणता ज्ञानजन्य लीनतेने केलेल्या आचरणातून दाखवावे असे म्हणतो. मी या शब्दांपाशी बराच वेळ थांबले. माझ्या समजुतीप्रमाणे ज्ञान एका कप्प्यात आणि नम्रता दुसऱ्या कप्प्यात असते. आधी माणसाने हुशार व्हावे आणि मग ती हुशारी फार दिसू नये म्हणून वर थोडी नम्रता पांघरावी. याकोबाच्या लेखी लीनता ज्ञानातूनच जन्मते, म्हणजे जे ज्ञान ती जन्माला घालत नाही, त्याचे मूळ तपासायला हवे. ते मूळ त्याने पुढे सांगितलेही आहे, आणि मत्सर व तट पाडण्याची वृत्ती ज्यात आहे त्या शहाणपणाला तो सैतानाकडचे म्हणतो. नवाचा नियम काही सैतानाचा नव्हे, परंतु तो मी ज्या आवाजात सांगितला, त्या आवाजाविषयी मला तशी खात्री देता येत नाही.

सतराव्या वचनात वरून येणाऱ्या ज्ञानाची लक्षणे आहेत. त्यांत पहिले लक्षण शुद्धतेचे आहे, शांतीचे त्यानंतर येते, आणि हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. हिशेबातली चूक भांडण नको म्हणून झाकणे ही काही नम्रता नव्हे. वही दुरुस्त व्हायलाच हवी होती. (प्रार्थनेत स्वतःला धूळ आणि राख म्हणवून घेणारे आणि बाहेर आल्यावर माइक कोणाच्या हाती यावरून अबोला धरणारे लोक आमच्याकडे आहेत, तुमच्याकडेही असतील. त्या धुळीचा येथे विचार नको.) मात्र त्याच वचनाच्या मध्यावर आपल्या मराठी शास्त्रात "समजूत होण्याजोगे" असे एक लक्षण आहे, जे मी आजवर वाचून पुढे जात असे. शुद्ध, शांतिप्रिय, सौम्य हे शब्द उपदेशात ऐकू येतात, याच्यावर उपदेश झाल्याचे मला आठवत नाही. ज्याला दुसऱ्याने काही सांगता येते आणि सांगितल्यावर ज्याच्यात ते शिरते, ते ज्ञान. मला कोणी शेवटचे काय सांगितले आणि मी ते केव्हा मानले, हे आठवू लागले आणि आठवेना.

बाबा, तुमच्याविषयी मात्र लगेच आठवले. १९८६ चा पावसाळा होता, नवापूर तेव्हा धुळे जिल्ह्यात होते आणि मी दहा वर्षांची होते. तुम्ही दवाखान्यात कंपाउंडर होता. मिक्स्चरच्या बाटलीवर मात्रा दाखवायला खाचा पाडलेली कागदी पट्टी डकवत असत, ती तुम्ही रात्री घरी बसून आईच्या कात्रीने कापत होता. त्या रात्री तुमच्या सदऱ्याच्या खिशात बारा खाचांची एक पट्टी निघाली. खोकल्याच्या औषधासाठी आलेल्या एका लहान मुलाच्या बाटलीवर ती लावायची होती, म्हणजे त्या बाटलीवर सहा खाचांची गेली होती आणि प्रत्येक मात्रा दुप्पट होणार होती. तुम्ही सायकल काढली. कंदील वाऱ्यात टिकणार नाही म्हणून आईने मला बॅटरी धरायला मागे बसवले. नाल्यापाशी तुम्ही सायकल खांद्यावर घेतली आणि मला म्हणालात, "उजेड पाण्यावर नको, माझ्या पायापुढे धर."

पाड्यावर पोहोचलो तेव्हा मुलगा निजला होता. त्याच्या आजीने बाटली दिव्यापाशी आणून दाखवली. एका खाचेएवढा घोट लेकराला मोठा वाटला म्हणून तिने स्वतःच्या मनाने निम्माच पाजला होता. तुम्ही पट्टी बदललीत, चूक माझी आहे असे सांगितलेत, आणि मग ती तुम्हांला काहीतरी बरेच बोलली. मला त्यांची मावची बोली जेमतेम समजत असे. परतताना तुम्हीच अर्थ सांगितला, आणि आपल्याला सोयीचा तेवढाच न सांगता पूर्ण सांगितला. ती म्हणाली होती की औषध देताना कागदाकडे बघतोस, लेकराकडे बघत जा. तुम्ही त्यावर काय म्हणालात असे मी विचारले. "हो म्हणालो," तुम्ही म्हणालात, "बरोबर बोलली ती."

दुसऱ्या दिवशी तुम्ही डॉक्टरांना आपणहून चूक सांगितलीत. मला त्याहून मोठी वाटते ती गोष्ट नंतरची आहे. त्यानंतर तुम्ही लहान मुलाची बाटली मुलाला खिडकीपाशी आणल्याशिवाय कधी दिली नाहीत, रांग कितीही लांब असो. अक्षर न येणाऱ्या एका बाईने रागाच्या भरात सांगितलेली गोष्ट तुम्ही निवृत्त होईपर्यंत पाळलीत. चूक कबूल करणारी माणसे मी पुढे बरीच पाहिली, पण कबुलीनंतर समोरच्याकडून शिकणारी फार थोडी.

आईचे नामानाचे चित्रही त्यामुळे पुन्हा डोळ्यांपुढे आले. अरामी सेनापती, कोडाने ग्रासलेला, यार्देनेत सात वेळा बुडी मारायला तयार नसलेला. आई, तू विचारत असस की या गोष्टीत शहाणे कोण, आणि आम्ही "अलीशा" असे ओरडलो की तू मान हलवत असस. नामानाला अलीशा संदेष्ट्याकडे जाण्याचा मार्ग धरून आणलेल्या एका दासीमुळे कळला, आणि रागाने परत फिरल्यावर नदीकडे वळवले ते चाकरांनी. नामान बरा झाला, कारण शेवटी त्याने नोकरांचे ऐकले. मोशेचेही तसेच. परमेश्वर ज्याच्याशी मित्रासारखा समोरासमोर बोलत असे, त्याला सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकट्याने न्याय करत बसू नकोस, हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर आणि दहांवर माणसे नेम, हे सांगायला मिद्यानातून सासरा यावा लागला, आणि मोशेने ते सगळे ऐकले. (हा भाग मी तुमच्या जावयांना मुद्दाम वाचून दाखवला.) शलमोन राजाने गिबोनात देवाकडे जे मागितले, त्याला मूळ इब्री भाषेत "ऐकणारे हृदय" असे शब्द आहेत, असे आमचे पाळकसाहेब सांगतात. आपण लहान मूल आहोत, आपल्याला काही कळत नाही, असे आधी म्हणून मग त्याने ते मागितले. त्याच शलमोनाचे मन उतारवयात अन्य देवांकडे वळले तेही शास्त्रात आहे, आणि मला ते वाचताना पन्नाशीतल्या शिक्षिकेची काळजी वाटते.

खजिनदारकाकांचे असे ठरले आहे की ते आकडे सांगतात आणि मी लिहिते. पहिल्याच दिवशी लक्षात आले की नाणी ते न पाहता बोटांनी ओळखतात आणि माझ्यापेक्षा लवकर मोजतात. कोणत्या घरून किती आले, यंदा कोणाचे पीक गेले म्हणून कोणाला पावती दाखवू नये, हेही त्यांना ठाऊक आहे, आणि ते कोणत्याही वहीत नाही. शस्त्रक्रियेची तारीख त्यांनी स्वतः मुलाशी बोलून घेतली.

तुमच्या घराविषयी मी यापेक्षा वेगळे काय केले होते? तुम्ही दोघांनी त्या घरात चाळीस वर्षे काढली, रंगावली नदीचे पाणी कुठपर्यंत चढते हे तुम्हांला माहीत आहे, रात्री-अपरात्री कोणाला हाक मारायची हेही माहीत आहे, आणि मी तुम्हांला एकही प्रश्न न विचारता उत्तरांचा कागद आणला होता. त्या बोलण्याबद्दल मला क्षमा करा. बाबा, तुम्ही परसात गेलात तेव्हा मी मागून आले नाही, याबद्दल वेगळी क्षमा मागते. घर विकण्याचा विषय मी मागे घेत आहे, आणि तुम्ही काढलात तरच तो पुन्हा निघेल.

एक गोष्ट मात्र भीतभीत लिहिते, आणि ती तुम्हांला पटली नाही तर तसे सांगा. माडीच्या भोजनाच्या वेळी प्रभू शिष्यांचे पाय धुवायला आला तेव्हा त्यांच्यातला पेत्र म्हणाला की माझे पाय तुम्ही कधीही धुवायचे नाहीत. त्याला ती नम्रता वाटली असावी. प्रभूने ती मानली नाही. बाबा, ओट्यावरून उतरताना शेजारच्या मुलाने हात पुढे केला की तुम्ही तो हसून बाजूला सारता, आणि आई मनगट दुखत असताना पाण्याची बादली स्वतःच उचलते. उभा जन्म तुम्ही दुसऱ्यांचे पाय धुतलेत, म्हणून आता आपले पाय पुढे करणे तुम्हांला जड जाते, असे मला वाटते. मी चुकत असेन. तुमच्या जागी मीही बहुधा पेत्रासारखीच वागेन.

येत्या शनिवारी मी सुरत पॅसेंजरने येत आहे आणि सोमवारी परतेन. या वेळी कागद आणणार नाही. न्हाणीघरात धरायला एक स्टीलचा दांडा आणि न घसरणारी रबरी पायपुसणी एवढे आणू का, ते फोनवर सांगा; नको म्हणालात तर आणणार नाही. गवंडी बाबांनी त्यांच्या ओळखीचा बघावा. आणि आई, दांडा कोणत्या उंचीवर हवा ते मी ठरवू नये हे बरे. उठताना तुझा हात भिंतीवर जिथे आपसूक टेकतो, तिथे तेवढी खडूने खूण करून ठेव.

तुमची,
ताई