शिमग्याला दादा येणार नाही

ऐरोली, नवी मुंबई

ती. आई आणि बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

परवा तुमचा फोन आला तेव्हा दादा शेजारीच बसला होता, म्हणून मला मोकळेपणाने बोलता आलं नाही. बाबा, तुम्ही विचारलंत, "पालखीला खांदा द्यायला घरातला थोरला नसेल तर वाडीला काय तोंड दाखवू?" आणि मागून आईचा आवाज आला, "भिंती रंगवायला शिकवला का त्याला आम्ही?" दोन्हीची उत्तरं लिहून पाठवते. एकदा वाचा, मग दोघांनी बसून परत वाचा.

दादा या शिमग्याला येणार नाही. हे त्याने स्वतः ठरवलंय. मी नाही, वहिनीनेही नाही. पालखी घरोघर फिरते तेव्हा रात्री मागच्या पडवीत काय चालतं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. त्याला हाका मारणारे सगळे त्याचे लहानपणचे सोबती, त्यात वाईट कोणी नाही. पण "वर्षाचा सण आहे रे, एवढीच घे" याला नाही म्हणायचं बळ अजून त्याच्यात पुरतं आलेलं नाही, आणि हे त्याला कळतंय, यातच मला त्याची सुधारणा दिसते. दारू सोडायचे उपचार घेऊन बाहेर पडल्यावरचे पहिले काही महिने सगळ्यात निसरडे असतात, असं समुपदेशकांनी मला आणि वहिनीला समोर बसवून सांगितलं होतं. तेव्हा धुळवडीचा अख्खा दिवस दादा त्याच्या गटाबरोबर भिंतीपाशी असेल. डबा तिकडेच, चहा तिकडेच. तो दिवस गटाने मुद्दाम कामाला धरलाय.

आता भिंतीचं सांगते. इथल्या एका उद्यानाची रस्त्याकडची लांबलचक कुंपणभिंत आहे. पालिकेच्या विभाग कार्यालयात अर्ज देऊन परवानगी घेतली. रंगवणारे म्हणजे दादा जातो त्या दारू सोडलेल्यांच्या मीटिंगमधले लोक, त्यांच्या घरचे, आणि आता आजूबाजूच्या सोसायट्यांतलेही काही जण. मी शाळेत चित्रकला शिकवते, म्हणून रेखाटनाचं माझ्याकडे आलं.

आई, तुला वाटतं तसं ब्रश घेऊन गेलं आणि फासलं, असं ते नाही. खाडी जवळ, त्यामुळे भिंतीला लोणा लागलेला. आधी पोपडे खरवडायचे, तारेच्या ब्रशने घासायचं, धुवायचं, मग वाळू द्यायचं. ओलीवर प्रायमर मारला तर पहिल्याच पावसात सगळं फुगून येतं. मग भेगांत पुट्टी, प्रायमर, त्यावर पायाचा रंग. एवढं झाल्यावर सूत मारून चौकोन आखले, कागदावरच्या चित्राचेही तेवढेच चौकोन केले आणि एकेक चौकोन एकेकाला दिला. पहिला हात वाळला की दुसरा हात. ज्याला चित्रातलं काही कळत नाही त्यालाही आपला चौकोन भरता येतो.

दादाला सुरुवातीला खरवडायचंच काम दिलं होतं, कारण त्याचा हात थरथरायचा. आता तो चिखल आणि पाण्याची कड रंगवतोय. बारीक ब्रश उजव्या हातात, आणि त्या मनगटाला खालून डाव्या हाताचा टेकू. ओठ घट्ट मिटलेले. एक वीत कड ओढायची, थांबायचं, ब्रश पुसायचा, परत ओढायची. गणपतीच्या आधी बाबा चुना कालवायचे आणि हा ओटीची भिंत पांढरी करायचा, तेव्हाही ओठ असेच मिटायचा.

हे सगळं संध्याकाळी चालतं, रस्त्याच्या दिव्याखाली. रविवारी तेवढं सकाळी. संध्याकाळच का, तर दारू सुटली की सात ते नऊ हे दोन तास अंगावर येतात. इतकी वर्षं त्या वेळेला पाय आपोआप एकाच दिशेने वळायचे. तलफ येते, चढते आणि बहुतेकदा अर्ध्या तासात उतरते, पण तो अर्धा तास माणूस एकटा आणि रिकामा असला तर कठीण. हातात रंग असला, शेजारी त्याच वाटेने आलेला दुसरा कोणी असला, आणि आपला चौकोन आज संपवायचा असला, की तो अर्धा तास जातो. मीटिंगमध्ये 'फक्त आजचा दिवस' म्हणतात. भिंतीपाशी आजचा दिवस म्हणजे आजचा चौकोन.

चित्र काय काढायचं यावर मात्र खूप बोलणं झालं. एकाचं म्हणणं, बाटली काढून तिच्यावर फुली मारू. जुन्या मंडळींनी लगेच नाही म्हटलं: फुली मारली तरी बाटली ती बाटलीच, येता-जाता तीच डोळ्यापुढे. ते अगदी बरोबर होतं. मी फ्लेमिंगो सुचवले, तर सगळे म्हणाले, नवी मुंबईत आता फ्लेमिंगो नसलेली भिंत दाखव. शेवटी ठरली आपली खाडीच: तिवरं, चिखल, होड्या, चिंबोऱ्या. गटात दिवा कोळीवाड्यातले एक काका आहेत, बरीच वर्षं दारूपासून लांब. माझं रेखाटन बघून म्हणाले, "बाई, ही वडाच्या पारंब्यांसारखी मुळं काय काढलीत? तिवराची मुळं चिखलातून वर येतात, बोटांएवढी, श्वास घ्यायला." दुसऱ्या दिवशी मला खाडीच्या कडेला घेऊन गेले आणि ओहोटीच्या वेळी दाखवली. सगळा चिखलभर खुंट्याच खुंट्या. मी तो भाग पुसून नव्याने काढला.

आणखी एक गोष्ट आम्ही कडक पाळतो. तेलरंग नाही, थिनर नाही. सगळा रंग पाण्यात कालवायचा. कारण गटात एक कोवळा पोरगा आहे, तो थिनर आणि व्हाइटनर हुंगायचा. बाबा, तुम्हाला आकडे लागतात म्हणून सांगते. केंद्र सरकारने एम्सकडून देशभर पाहणी करून घेतली होती, तिचा अहवाल 2019 साली आला. मोठ्यांपेक्षा लहान मुलांमध्ये जास्त प्रमाणात आढळलेलं व्यसन एकच, हे हुंगायचं. आणि दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या दर 38 माणसांमागे कसलेतरी उपचार मिळालेला माणूस एक. आपला दादा त्या एकात आहे. मला तर हे भाग्य वाटतं. आणि आपण तीन वर्षं वाडीत सांगतोय की तो कंपनीच्या कामाला बाहेर असतो.

हे आमचंच काहीतरी नवं खूळ, असंही समजू नका. अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरात 1984 साली भिंती विद्रूप करणाऱ्या पोरांना हाताशी धरून जेन गोल्डन या चित्रकर्तीने भिंतचित्रांचं काम सुरू केलं. पुढे तिथल्या मानसिक आरोग्य विभागाबरोबर व्यसनातून उठणाऱ्या लोकांसाठी स्वतंत्र उपक्रम झाला. तिथे परांचीवर चढणं ज्यांना जमत नाही ते घरात बसून पातळ कापडावर आपापला तुकडा रंगवतात आणि मग ते कापड भिंतीवर चिकटवतात. येल विद्यापीठाने त्याचा अभ्यास केला, 2013 साली अहवाल दिला. त्यात मला महत्त्वाचं वाटलं ते असं, की चित्रांच्या आसपास राहणाऱ्या लोकांची व्यसनी माणसांकडे बघायची नजर थोडी निवळली होती. थोडीच, पण निवळली. आपल्याकडे अनिल अवचट आणि डॉ. सुनंदा अवचटांनी पुण्यात 1986 साली मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र काढलं. अवचटांचे लेख तुम्ही दिवाळी अंकांतून वाचायचात, बाबा. तो माणूस स्वतः चित्रं काढायचा, लाकूड कोरायचा, कागदाच्या घड्या घालून पक्षी करायचा. हाताला काम असलं की मन जागेवर राहतं, हे त्यांना वेगळं शिकावं लागलं नसेल.

आणि आई, भिंत रंगवणं कमीपणाचं कधीपासून झालं? डहाणूकडे वारल्यांच्या घरी लग्न असलं की गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक काढतात, बायका मिळून. वारल्यांतलेच चित्रकार जिव्या सोमा मशे यांना 2011 साली पद्मश्री मिळाली.

पण भिंतीने सगळं बरं होतं, असं मी म्हणणार नाही. दादाची औषधं चालू आहेत, मीटिंगही चालू आहे. बाबा, तुमच्या साखरेसारखं आहे हे, गोळी, पथ्य, तपासणी, काहीच सुटत नाही. मध्यंतरी गटातला एक जण घसरला, यायचाच बंद झाला. त्याचा चौकोन तसाच ठेवायचा की भरायचा, यावर चर्चा झाली. मला वाटत होतं, ठेवावा. काका म्हणाले, "भरून टाका. रिकामा चौकोन बघून तो लाजेने परत जाईल. आला की दुसरा देऊ." तो आला, पंधरवड्याने. कोणी काही विचारलं नाही. ब्रश धुवायला दिले, मग दुसरा चौकोन दिला. मी हे किती दिवस मनात घोळवतेय.

आता तुमची खरी भीती. लोकांना कळेल. भिंतीवर कुठेही 'नशामुक्ती' असं लिहिलेलं नाही, कोणाचं नाव नाही, आणि चेहऱ्यांचे फोटो काढायचे नाहीत असा नियम आहे. कोणाला काय सांगायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं. गेल्या रविवारी भाजीची पिशवी घेतलेल्या एक बाई थांबल्या. दादालाच विचारलं, "तुम्ही कुठल्या मंडळाचे?" दादा ब्रश खाली ठेवून म्हणाला, "मंडळाचे नाही काकू. आम्ही दारू सोडलेली माणसं." बाई बराच वेळ उभ्या राहिल्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "माझ्या मिस्टरांना आणलं तर चालेल का?" दादाने त्यांना मीटिंगची वेळ सांगितली. वहिनी पलीकडे पायाचा रंग मारत होती, तिचा हात थांबला होता. घरी येताना ती माझ्याशी काही बोलली नाही, पण दादाच्या हातातली रंगाची बादली तिने स्वतःकडे घेतली.

म्हणजे त्याने तोंड उघडलंय, बाबा. अनोळखी बाईपुढे, भर रस्त्यात. अशा वेळी आपण घरच्यांनी त्याच्यासाठी खोटं बोलत राहिलो, तर त्याला एकच कळतं, की आम्हाला तू असा चालत नाहीस. तुम्ही गावभर सांगत सुटा असं मी म्हणत नाही. वाडीत विचारलं तर "या वर्षी त्याला तिकडे काम आहे" म्हणा. ते खरंच आहे. कोणी जवळच्याने खोदून विचारलं तर "आजारी होता, बरा होतोय" म्हणा. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत हे दुखणं आहे, त्यामुळे तेही खरंच.

आई, तू गुरवाकडून गाऱ्हाणं घालून घेणार हे मला माहीत आहे. घाल. फक्त 'पोरगा बिघडला' असं त्यात येऊ देऊ नकोस. पालखीला खांदा द्यायला धाकट्या काकांचा मुलगा आहे, त्याला मी फोन केलाय, तो आनंदाने तयार झाला.

पावसाच्या आत भिंत पुरी करायची आहे. वैशाखात तुम्ही दोघं इकडे या. चिपळूणहून सकाळच्या गाडीचं तिकीट मी काढते. तळाची एक पट्टी अजून कोरी आहे, आणि चुन्याचा हात बाबांचा अजून बसलेला असेल. धुळवडीला रात्री फोन करते, तेव्हा दादाशी बोला. शिमग्याचं काढू नका, भिंतीचं विचारा.

आईने गुडघ्याचं तेल संपलं की लगेच कळवावं.

तुमची,
सुमा