बाई, पाय काळेच आहेत

आदरणीय बाई,
सा. न. वि. वि.

परवा ओढ्याकाठी लव्हाळ्यावर एक लाल चतुर बसला होता. मी कॅमेरा रोखला तो थेट त्याच्या पायांवर. पाय काळेकुळकुळीत. तेव्हाच ठरवलं, बाईंना पत्र लिहायचं, आणि उघडच लिहायचं, म्हणजे माझ्यासारखे फोटो काढणाऱ्या इतरांनाही ते वाचता येईल.

भोरजवळच्या आमच्या भातखाचरांत दिसलेला प्रत्येक लाल चतुर मी दोन वर्षं 'स्कार्लेट स्किमर' म्हणून नोंदवत होते. असे १७५ फोटो. तुम्ही ते एकेक करून उघडलेत आणि एकदाही 'चूक' म्हणाला नाहीत. एवढंच विचारलंत, "पाय कसले आहेत गं?" मला सांगता येईना. फोटोत पाय होते, मी ते पाहिलेच नव्हते.

स्कार्लेट स्किमर, म्हणजे क्रोकोथेमिस सर्व्हिलियाचा नर, डोळ्यांपासून पायांपर्यंत लाल. शेपटीवर मधोमध एक बारीक काळी रेघ. क्रिमसन मार्श ग्लायडर, म्हणजे ट्रायथेमिस ऑरोराच्या नराच्या लालीला गुलाबी-जांभळी झाक असते, द्राक्षाच्या मण्यावर पांढुरकी भुकटी असते ना, तशी. त्याच्या पंखांच्या शिरासुद्धा लाल, पण पाय काळे. मी नुसत्या झाकेवर विसंबले असते तर फसलेच असते, कारण भर उन्हातल्या फोटोत लाल रंग भडकतो आणि झाक पार धुऊन जाते. माझ्याच एका फोटोचा उजेड तुम्ही हळूहळू उतरवलात आणि छातीवर जांभळट छटा उमटत गेली, ते अजून डोळ्यांसमोर आहे. पाय मात्र आधीही काळे होते आणि नंतरही काळेच.

एका फोटोत शेपटीच्या आठव्या-नवव्या खंडावर काळे ठिपके निघाले. तो युरोथेमिस सिग्नाटा, लाल चतुराची तिसरीच जात. दोन वर्षं तो माझ्याकडे दुसऱ्याच्या नावाने पडून होता.

आणि ते पिवळे, जे मी वेगळी जात समजून बाजूला ठेवले होते! कात टाकून नुकताच बाहेर पडलेला स्कार्लेट स्किमरचा नरही मादीसारखा पिवळाच असतो, लाली मागाहून चढते, हे तुमच्याकडून कळलं. मग पाहिलं, तर शेपटीवरची ती काळी रेघ पिवळ्यांवरही होती.

पण सगळ्यात जास्त आभार त्या निळ्या चतुरासाठी. समोरून काढलेला फोटो, ना पंखांचं बूड दिसत होतं ना शेपटीचं टोक. मी नावासाठी हटून बसले होते. तुम्ही लिहिलंत, "ऑर्थेट्रम. याच्यापुढे या फोटोवरून मी जाणार नाही." इतकी वर्षं चतुर पाहणाऱ्या तुम्ही नेमकी जात न सांगता वंशापाशी, म्हणजे जवळच्या जातींच्या गटापाशी, थांबलात, हे मला फार मोठं वाटलं.

आता मी वरून, बाजूने आणि शेपटीच्या टोकाचा असे तीन फोटो घेतल्याशिवाय जागची हलत नाही. दुपारी ऊन अंगावर कमी यावं म्हणून ग्लायडर शेपटी सरळ आभाळाकडे धरतो. तेव्हा वरून फोटो नीट मिळत नाही, मग मी बांधावर बसून ऊन उतरायची वाट पाहते.

जुन्या नोंदींतली ३१ नावं बदलली. १२ वंशापर्यंतच ठेवली आहेत, त्या एकदा तुमच्या नजरेखालून जायला हव्यात. भात निसवलंय, ओढ्याला पाणी आहे. कापणीच्या आधी एक दिवस या ना, आई जेवायलाच थांबवून घेणार आहे.

तुमची विद्यार्थिनी