बारा वाजून सात मिनिटांनी

प्रिय सखे,

‘अ मॉन्स्टर कॉल्स’ लेकीला वाचायला देऊ का, असं तू फोनवर विचारलंस आणि मी ‘बघून सांगते’ म्हणत विषय बदलला. काल रात्री पुस्तक पुन्हा वाचलं. विषय का बदलला, तेही मग लक्षात आलं.

ही कल्पना मुळात लेखिका शिवॉन डाउडची. दुर्धर आजारात तिला ती सुचली. पात्रं होती, सुरुवात होती, वेळ मात्र नव्हता. २००७ मध्ये, ४७व्या वर्षी, स्तनाच्या कर्करोगाने ती गेली. मग तिला कधी भेटलाही नव्हता अशा पॅट्रिक नेसने २०११ मध्ये कादंबरी पुरी केली. जिम केची काळ्या शाईतली चित्रं इतकी बोलकी आहेत की पुढच्या वर्षी लेखनाचं कार्नेगी आणि चित्रांचं ग्रीनअवे, ही ब्रिटनमधली बालसाहित्याची दोन्ही मानाची पदकं या एकाच पुस्तकाला मिळाली. तेव्हा घेशील ती सचित्र आवृत्तीच घे.

कॉनर १३ वर्षांचा आहे. आई आजारी, बाबा अमेरिकेत दुसऱ्या संसारात. आणि आजी, जिच्या दिवाणखान्यात बसायलाही भीती वाटावी अशी टापटिपीची. रात्री १२:०७ ला यू नावाचं जुनं झाड राक्षस होऊन चालत खिडकीशी येतं. मी तुला तीन गोष्टी सांगेन, म्हणतं, चौथी तू मला सांगायचीस, आणि ती खरी असली पाहिजे. गंमत बघ, आईचं शेवटचं औषधही यूपासूनच बनवलेलं. हे नेसच्या मनचं नाही. यूच्या पाल्यापासून कर्करोगावरचं औषध खरंच तयार होतं. झाड तसं विषारी. पोराला वाटतं, राक्षस आईला बरं करायलाच आलाय. तो आलेला असतो पोरासाठी.

झाडाच्या तीन गोष्टी मला तितक्या भिडल्या नाहीत. त्यांतला राजपुत्र खुनी निघतो, दुष्ट राणी निर्दोष ठरते. धडा जरा दिसतोच. मला धरून ठेवलं ते शिक्षेने. कॉनर आजीच्या दिवाणखान्याचा चक्काचूर करतो. ओरडा नाही. शाळेत एका मुलाला दवाखान्यात जाईपर्यंत मारतो. तरी शिक्षा नाही, कारण ‘बिचाऱ्यावर काय वेळ आलीय!’ त्याला तर शिक्षा हवी असते गं! रोजच्या दुःस्वप्नात कड्यावरून लोंबकळणाऱ्या आईचा हात त्याने धरलेला असतो, आणि तो निसटतो. चौथी गोष्ट हीच: हात निसटला नाही, त्याने सोडला. हे सगळं एकदाचं संपावं असं त्याला वाटलं होतं.

आपल्याकडे गेलेल्या माणसाला ‘सुटले बिचारे’ म्हणतात. ‘सुटले बिचारी मी’ असं उशाशी बसलेल्या मुलीने म्हणायची सोय नाही. बाबा गेले तेव्हा मी सोळाची होते. शेवटच्या आठवड्यात त्यांच्या खोलीबाहेर उभी राहून मी मनात म्हटलं होतं, आता पुरे, होऊन जाऊ दे. तिसऱ्या दिवशी ते गेले. तू पाठीवर हात ठेवून ‘सुटले गं काका’ म्हणालीस आणि मी हंबरडा फोडला. तुला वाटलं बाबांसाठी. ते होतंच; पण मला वाटत होतं, तुला कळलंय. इतकी वर्षं हे तुला सांगितलं नव्हतं.

झाड कॉनरला सांगतं की तुला आई जावी असं वाटत नव्हतं, दुखणं संपावं असं वाटत होतं. एकाच मनात दोन्ही मावतं, आणि माणूस ठरतो तो मनात आलं त्यावरून नव्हे, केलं त्यावरून. सोळाव्या वर्षी हे कुणी सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं का, कोण जाणे. झाडाचं कदाचित ऐकलं असतं.

आता लेकीचं. आजी जाऊन चारच महिने झालेत आणि ती अजून रडली नाही म्हणून तू काळजीत आहेस. दे तिला पुस्तक. मात्र तू आधी वाच आणि तिने संपवल्यावर ‘कसं वाटलं?’ म्हणून मागे लागू नकोस. शेवटी कॉनर आईला घट्ट धरतो. १२:०७ व्हायला थोडाच वेळ उरलेला असतो. मृत्यूचा क्षण नेस दाखवतच नाही. तिथे ती काही तोडफोड करावीशी वाटून उठलीच, तर काचेची भांडी आधीच उचलून ठेव आणि मला फोन कर.

तुझीच