कच्च्या मांसाने मांजराची अ‍ॅलर्जी जात नाही

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

मांजराला खाज सुटली, मानेवर खपल्या धरल्या, पोटावरचे केस चाटून चाटून गेले, की हल्ली पहिला सल्ला मिळतो तो ‘दाणे बंद करा, कच्चे चिकन सुरू करा’ असा. चिकन स्वस्त आणि कोपऱ्यावर मिळणारे, त्यामुळे तो लगेच पटतो. पण अन्नाची अ‍ॅलर्जी असते ती ठरावीक प्राण्याच्या प्रथिनाची. ते प्रथिन कच्चे आहे की शिजवलेले, याने सहसा फरक पडत नाही. चिकनचे दाणे खाऊन खाजवणारे मांजर कच्चे चिकन खाऊनही खाजवणारच.

मांजरांच्या बाबतीत सर्वांत जास्त वेळा दोषी ठरतात ते गोवंशाचे मांस, मासे आणि कोंबडी. म्हणजे स्वस्तात जे जे हाताशी येते, नेमके तेच. ‘टूना’ असे ठसठशीत छापलेल्या पाकिटाच्या मागची यादी वाचली तर तिथेही बऱ्याचदा कोंबडी सापडते. अ‍ॅलर्जी कशाची हे रक्त, लाळ किंवा केस तपासून खात्रीने कळत नाही; त्या तपासण्यांचे पैसे मटणावर घालवलेले बरे. खात्रीचा मार्ग एकच. मांजराने आजवर न खाल्लेले एकाच प्राण्याचे मांस आठ आठवडे द्यायचे आणि दुसरे काहीही द्यायचे नाही, हीच ती चाचणी. त्याआधी पिसवांचा बंदोबस्त मात्र झालेला हवा, कारण पिसवांच्या अ‍ॅलर्जीची खाज दिसायला अगदी अशीच असते.

आपल्याकडे यासाठी बोकडाचे मटण सोयीचे, अर्थात घरातले मटण मांजराला आधीपासून मिळत नसेल तरच. 2015 पासून महाराष्ट्रात गाय-बैलाचे मांस बंद आहे, म्हशीचे मिळते आणि ते स्वस्तही आहे. पण गाय आणि म्हैस यांची प्रथिने फार जवळची. वर्षानुवर्षे दूध प्यालेल्या मांजराच्या दृष्टीने म्हशीचे मांस ‘नवे’ नव्हेच. वसई, वांद्रे किंवा गोव्याकडे डुकराचे मांस मटणाहून बरेच स्वस्त पडते आणि बहुतेक मांजरांनी ते चाखलेलेही नसते. मात्र ते पूर्ण शिजवूनच द्यावे. कच्च्या डुकराच्या मांसातून येणारा ऑजेस्की रोगाचा विषाणू मांजराचा जीव घेतो.

चार किलोच्या प्रौढ मांजराला दिवसाला साधारण 140 ग्रॅम, म्हणजे आठवड्याला एक किलो मांस लागते. खर्च आटोक्यात ठेवायचा तर नुसत्या मांडीच्या मटणामागे लागू नये. मुंडीचे मांस, जीभ, हृदय घ्यावे. हृदयात टॉरिन, म्हणजे मांजराला अन्नातूनच मिळावे लागणारे अमिनो आम्ल, भरपूर असते. वजडी आणि फोपसा स्वस्त खरे, पण त्यांनी पोट भरते, पोषण होत नाही. दोन्ही मिळून किलोमागे 100 ग्रॅमच्या वर नकोत. कलेजी 50 ग्रॅम बस्स. मांजराला आवडते म्हणून रोज कलेजी घातली की अ जीवनसत्त्व साठत जाते आणि पुढे मानेचे मणके एकमेकांना चिकटतात.

नुसते मांस हा मांजराचा पूर्ण आहार नव्हे. त्यात फॉस्फरसच्या मानाने कॅल्शियम नावापुरतेच असते, म्हणून नुसत्या खिम्यावर वाढलेल्या पिलांची हाडे मोडतात. किलोभर बिनहाडी मांसाला साधे कॅल्शियम कार्बोनेट 6 ग्रॅम, टॉरिन 2 ग्रॅम आणि आयोडीनयुक्त मीठ अर्धा छोटा चमचा घालावे. कॅल्शियम आणि टॉरिन चमच्याच्या अंदाजाने नको, दागिने तोलतात तसल्या छोट्या काट्यावर मोजावे. फसगत होते ती औषधाच्या दुकानात. तिथे कॅल्शियमच्या बहुतेक गोळ्या ड-3 जीवनसत्त्व मिसळलेल्या असतात आणि ते मांजराला जास्त झाले तर मूत्रपिंडावर बेतते. वेष्टन वाचून, ड-3 नसलेलीच पावडर घ्यावी. अंड्याच्या टरफलाची भुकटी एरवी चालते, पण तिला अंड्याचा पापुद्रा चिकटलेला असतो, म्हणून चाचणीच्या काळात ती टाळावी. टॉरिनची कॅप्सूल असेल तर ती उघडून आतली पूड तेवढी वापरावी. वरचे आवरण जिलेटिनचे, म्हणजे पुन्हा कुठल्या तरी प्राण्याचेच. चवीच्या जंतनाशक गोळ्यांचेही तेच.

हे प्रमाण निरोगी प्रौढ मांजराला चाचणीपुरते पुरते. पिलू, गाभण किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेले मांजर असेल तर हा प्रयोग घरी करू नये. चाचणीनंतरही घरचेच अन्न चालू ठेवायचे असेल तर ई, ब-1, जस्त, मँगनीज यांचा हिशोब पशुवैद्यकाकडून करून घ्यावा.

आता कच्चे की शिजवलेले? आमचे मत शिजवलेल्याच्या बाजूने आहे. डिसेंबर 2024 मध्ये नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने दगावले. पाठोपाठ छिंदवाड्यात पाळीव मांजरांमध्ये हाच विषाणू आढळला. त्याच सुमारास अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात कच्च्या टर्कीचे गोठवलेले खाद्य खाऊन एक घरातले मांजर मेले. गोठवल्याने हा विषाणू मरत नाही, उलट टिकतो. म्हणून कोंबडी, बदक, लावा यांचे कच्चे मांस मांजराला देऊच नये. बोकडाचे कच्चे द्यायचा हट्टच असेल तर उणे 18 अंशांवर निदान तीन दिवस गोठवावे. त्याने टोक्सोप्लाझ्मा या परजीवीच्या गाठी मरतात, साल्मोनेला हे जिवाणू मरत नाहीत. एकदारी फ्रिजमधला बर्फाचा कप्पा बहुधा एवढा गार होत नाही, त्याच्यावर विसंबू नये. घरात गरोदर बाई, तान्हे मूल किंवा केमोथेरपी घेणारे कोणी असेल तर कच्चे मांस नकोच.

शिजवताना तुकडे कमी पाण्यात, झाकण ठेवून वाफवावेत. टॉरिन पाण्यात उतरते, तेव्हा ते पाणी ओतून न देता अन्नातच मिसळावे. कॅल्शियम आणि टॉरिन निवल्यावर घालावे. हाडे काढून टाकावीत. शिजलेल्या हाडाच्या कपच्या आतड्यात रुततात. कांदा-लसूण अजिबात नको, त्याने मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात. रश्शातली फोड धुऊन दिली तरी चालत नाही.

खिमा शक्यतो घरी करावा. ज्या यंत्रातून खाटकाने आधी चिकन काढले, त्यातूनच आपले मटण निघाले तर आठ आठवड्यांची मेहनत वाया जाते. शेजारच्या काकूंनी प्रेमाने टाकलेला बोंबलाचा तुकडा, दुसऱ्या मांजराची वाटी, सकाळचे चमचाभर दूध, यातले काहीही पुरते. बाहेर हिंडणाऱ्या मांजराची चाचणी होतच नाही, उंदीर काही कोणाला विचारून खात नाही.

बदल आठ-दहा दिवसांत हळूहळू करावा. आठ आठवडे मोजायचे ते जुने अन्न पूर्ण सुटल्यापासून. ‘भूक लागली की खाईल’ हा न्याय मांजराला लावू नये. एक-दोन दिवस उपाशी राहिलेल्या लठ्ठ मांजराच्या यकृतात चरबी साठून जीव जाऊ शकतो. एक दिवस तोंड लावले नाही तर जुने अन्न परत सुरू करून पशुवैद्यकाकडे जावे. अन्न कोमट करून दिले तर वास सुटतो आणि बरीच मांजरे तेवढ्यावर खातात.

आठ आठवड्यांनी खाज गेली, तरी निदान अर्धेच झाले. जुने अन्न मुद्दाम पुन्हा द्यायचे. खाज काही तासांत ते दोन आठवड्यांत परतली, तर अ‍ॅलर्जी अन्नाचीच. मग मटणावर परत यायचे, खाज थांबू द्यायची आणि एकेका वेळी एकच जिन्नस, दोन-दोन आठवडे, देऊन पाहायचा. सुरुवात शिजवलेल्या चिकनपासून करावी. ते सोसले तर महिन्याचा खर्च एकदम खाली येतो.

आपला,
एक पशुवैद्यक वाचक, पुणे