रेल्वेला चौकशी, रस्त्याला फक्त पंचनामा

संपादक साहेब,

२००३ ला वैभववाडीजवळ आणि पुढच्याच वर्षी करंजाडीला दगड-दरड रुळावर आल्याने कोकण रेल्वेच्या गाड्या घसरून कितीतरी माणसं गेली, ते आपल्याकडे अजून कोणी विसरलेलं नाही. आज पावसाळ्यात गाड्या हळू चालवतात, टाइमटेबल वेगळं, रुळांवर गस्त असते. मोठा अपघात झालाच तर चौकशी रेल्वे सुरक्षा आयुक्त करतात, आणि ते रेल्वे मंत्रालयाच्या हाताखाली नसून नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखाली येतात, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

आता आपला हायवे ६६ बघा. पेडण्यापासून काणकोणपर्यंत स्कूटरवाली पोरं मरतायत आणि आपण काय करतो, तर पोलीस पंचनामा, चालकावर गुन्हा, संपलं. वळण चुकीचं होतं का, दिवे होते का, डायव्हर्जनचा बोर्ड कुठे होता, हे विचारणार कोण? रस्ता बांधणारं खातं स्वतःच स्वतःला विचारणार?

२०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९८ए आलंय, रस्त्याच्या डिझाइन, बांधकाम किंवा देखभालीत ठरलेले निकष पाळले नाहीत आणि त्यामुळे कोणी मेला किंवा जायबंदी झाला तर जबाबदार खातं, कंत्राटदार, सल्लागार यांना १ लाखापर्यंत दंड. जीवाच्या मानाने रक्कम काहीच नाही, पण निदान ते तरी वापरा ना!

मुख्यमंत्र्यांनी येत्या बजेटमध्ये बांधकाम खात्याबाहेरचं एक छोटं चौकशी पथक नेमावं, प्रत्येक जीवघेण्या अपघाताचा रिपोर्ट लोकांसमोर ठेवावा, आणि तो येईपर्यंत त्या टप्प्याचं कंत्राटदाराचं बिल अडवून ठेवावं.

— एक वाचक, म्हापसा