तक्रार पत्र : आवाजावर चालतो म्हणून विकलेला व्हीआर हेडसेट

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : ‘फक्त आवाजाने फिरा’ अशी जाहिरात केलेला हेडसेट आवाजावर चालत नसल्याबाबत

महोदय/महोदया,

डोळ्यांवर चढवून आभासी जगात फिरता येते असा तुमचा व्हीआर हेडसेट मी यंदा मे महिन्यात ऑनलाइन विकत घेतला. मानेच्या मणक्याला दुखापत झाल्यापासून माझ्या बोटांत पकड नाही, त्यामुळे हातात धरायचे कंट्रोलर मला वापरता येत नाहीत. जाहिरातीत ‘कंट्रोलरची गरज नाही, फक्त आवाजाने फिरा’ असे ठळक अक्षरांत होते. तरीही पैसे भरण्याआधी मी चॅटवर माझी अडचण सांगून खात्री करून घेतली. ‘हो सर, सगळे आवाजावर चालते’ असे उत्तर आले. बिल आणि त्या चॅटचा स्क्रीनशॉट सोबत जोडला आहे.

हेडसेट सुरू करतानाच कंट्रोलर लागला. ते काम घरच्यांनी करून दिले. पण दर अपडेटनंतर मायक्रोफोनच्या परवानगीची चौकट पुन्हा समोर येते आणि ‘ट्रिगर दाबा’ सांगते. ज्या मायक्रोफोनवर माझे सगळे अवलंबून, त्याचीच परवानगी बटण दाबून द्यायची! हेडसेट मला स्वतःला काढता येत नाही. घरात कोणी नसेल तर ती चौकट डोळ्यांसमोर घेऊन मी कोणी येईपर्यंत तसाच बसून राहतो.

माझी मुख्य तक्रार आभासी जगात चालण्याबद्दल आहे. ‘मूव्ह फॉरवर्ड’ म्हटले की चाल सुरू होते, पण ‘स्टॉप’ म्हटल्यावर ती थांबत नाही, काही क्षणांनी थांबते. आभासी संग्रहालयाच्या दालनात एखादी मूर्ती नीट बघावी म्हणून ‘स्टॉप’ म्हणावे, तर मूर्ती मागे पडते आणि मी पलीकडच्या भिंतीला जाऊन भिडतो. मग वळा, पुन्हा पुढे या, पुन्हा तेच. तुमच्या तंत्रज्ञांनीच फोनवर कारण सांगितले : बोलणे संपले की नाही हे ठरवण्यासाठी प्रणाली शांततेची वाट बघते आणि मग आवाज सर्व्हरकडे जातो. म्हणूनच शेजारच्या खोलीत टीव्ही चालू असला की माझा ‘स्टॉप’ आणखी उशिरा पोहोचतो. मजकूर सांगून लिहून घ्यायचा असेल तर ही पद्धत ठीक आहे, पण थांबण्याच्या आज्ञेला ती कशी चालेल? तो एक शब्द हेडसेटमध्येच, कानावर पडताक्षणी ओळखला गेला पाहिजे. असिस्टंटला जागे करणारी हाक साधा फोनसुद्धा स्वतःच ओळखतो.

सलग चालण्याने मळमळते ते वेगळेच. डोळ्यांना चाल दिसते, पण आतल्या कानाला ती जाणवत नाही, त्याचा हा त्रास. त्यासाठी तुम्ही एका जागेवरून थेट दुसऱ्या जागी उडी घेण्याची सोय दिली आहे, पण ती फक्त कंट्रोलर रोखून वापरता येते. अँड्रॉइडचे व्हॉइस अ‍ॅक्सेस आणि अ‍ॅपलने २०१९ मध्ये आणलेले व्हॉइस कंट्रोल पडद्यावर आकडे दाखवतात. आकडा उच्चारला की तिथे टॅप होतो. मी माझा फोन रोज असाच वापरतो. दालनातल्या जागांवर तसेच आकडे दाखवले तर एका शब्दात मी हव्या त्या मूर्तीपुढे उभा राहीन. माझ्यासाठी हे फार मोलाचे आहे, कारण अशा दुखापतीत बरगड्यांमधल्या स्नायूंची ताकदही जाते, श्वास पुरत नाही, आवाज बारीक होतो. अशा माणसाला तुमच्या कस्टमर केअरने ‘मोठ्याने आणि स्पष्ट बोला’ असा सल्ला दिला. त्याचे मला फार वाईट वाटले.

आणखी एक. मित्रांबरोबर आभासी खोलीत बसलो की माझी प्रत्येक आज्ञा सगळ्यांना ऐकू जाते. कोणी मनातले काही सांगत असते आणि मध्येच माझे ‘टर्न लेफ्ट, टर्न लेफ्ट’. मायक्रोफोन म्यूट केला तर आज्ञाही बंद पडतात. आज्ञांचा आवाज आणि गप्पांचा आवाज वेगळा ठेवायलाच हवा.

माझे हे मागणे जगावेगळे नाही. वेबची मानके ठरवणाऱ्या वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेने २०२१ मध्ये आभासी वातावरणाच्या सुगम्यतेबद्दल जो दस्तऐवज प्रसिद्ध केला, त्यात आवाजाने फिरता आले पाहिजे ही गरज स्पष्ट नोंदवली आहे.

परतीची मुदत संपल्याचे कारण देऊन तुम्ही पैसे नाकारलेत. ती मुदत तुमच्याच ‘रीसेट करून बघा’, ‘पुढच्या अपडेटची वाट बघा’ या उत्तरांत गेली. वर लिहिलेल्या सुधारणा कधी देणार ती तारीख कळवा, किंवा हेडसेट घेऊन जाऊन पूर्ण रक्कम परत करा. उत्पादनाचे खोटे वर्णन करणारी जाहिरात ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिशाभूल करणारी ठरते. पंधरा दिवसांत उत्तर आले नाही तर मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर (१९१५) तक्रार नोंदवून जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन.

उत्तर ईमेलवर, लेखीच द्यावे. फोनवरच्या आश्वासनांवर आता माझा विश्वास नाही.

आपला,
एक ग्राहक, कराड

सोबत : बिलाची प्रत, चॅटचा व जाहिरातीचा स्क्रीनशॉट